फेरसोडत

एकोणतीस नावं सुखरूप निघाली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलीने काचेच्या बरणीतून तिसावी, शेवटची चिठ्ठी काढली आणि मुख्याध्यापिका मेघनाबाईंनी माइकवर वाचली, "कल्पिता गणू भोईर."

मागच्या रांगेत आवडाबाईने नातीला उचलून उराशी धरलं. बाळकुमात भोईरांना झेपेल अशा फीची ही एकच शाळा. बाकीच्यांची फी ऐकूनच गणू दारातून परत फिरला होता. पोरीचं कल्याण झालं, असं म्हातारीच्या मनात येतंय तोच पुढून आवाज आला, "सेटिंग आहे ही!"

समोरच्या टॉवरमधले एक गृहस्थ मोबाइल उंच धरून उभे होते. "मॅडम, शाळेची जमीन यांचीच होती ना? मग शेवटची सीट बरोबर यांनाच कशी काय?"

जमीन भोईरांचीच होती. ट्रस्टला देताना, घरच्या पोरांना इथेच शिकवू, असा शब्दही मिळाला होता. यंदा प्रवेशासाठी सोडत आली तेव्हा विश्वस्त म्हणाले, "आजी, तुमची अॅडमिशन थेट करून टाकू." तेव्हा हीच म्हणाली, "नको, लोकं बोलतील. आमची चिठ्ठी बी सगल्यांत टाका." खऱ्याला मरण नाही, यावर बिचारीचा अजून विश्वास होता.

आता ज्याला त्याला वाचा फुटली. कोणी म्हणे, चिठ्ठी वरच ठेवली होती. कोणी म्हणे, मुलीला पट्टीतून दिसत होतं. पन्नासेक मोबाइलांत सगळं रेकॉर्ड झालं होतं, पण ते बघायची गरज एकालाही वाटली नाही. संशय घ्यायला काय जातं!

मेघनाबाई घाम पुसू लागल्या. चिठ्ठ्यांच्या घड्या त्यांनी स्वतः घातल्या होत्या, बरणीही सगळ्यांसमोर हलवली होती. आवडाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. आता बाई सांगतील, असं तिला वाटलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, "शेवटची जागा परत काढू."

चिठ्ठी पुन्हा बरणीत गेली. या वेळी नाव आलं ते टॉवरमधल्याच विनीतचं. आता सेटिंगचं नाव कोणी काढलं नाही. ओरडणाऱ्या गृहस्थांच्या मुलाचा नंबर काही लागला नव्हता, तरी न्याय झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर नुसतं ओसंडत होतं.

"आजी, माझं नाव घेतलं होतं ना?" कल्पिताने विचारलं.  

तेवढ्यात मेघनाबाई स्वतः माइक घेऊन आवडाबाईपाशी आल्या. "आजी, तुम्ही मोठ्या मनाच्या. ड्रॉ पारदर्शक झाला, एवढं पालकांना सांगाल का?"

आवडाबाई नातीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"झाला," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक खुर्च्या सरकवत उठू लागले.

"पयला पन झाला व्हता."

टाळ्या-खुर्च्यांच्या गोंगाटात ते एकट्या मेघनाबाईंनाच ऐकू गेलं. त्यांनी माइक बंद केला.