अंगद सरांचा फोन

लातूरच्या एका क्लासची वेबसाइट दर निकालाला बसायची, आणि मग ती सांभाळणाऱ्या अंगद सरांचा फोन दिवसभर एंगेज लागायचा. निलंग्यापासून जळकोटपर्यंतचे पालक गयावया करायचे, सर सर्व्हर पुन्हा चालू करायचे, कौतुकाचे पेढे खायचे. यंदा नव्यानं लागलेल्या लुंबिनीनं त्याच लहानशा सर्व्हरवर निकालाची पानं आधीच तयार करून ठेवली, फालतू भार काढून टाकला. अकराला निकाल लागला. सगळे कौतुकानं तिच्या टेबलाभोवती जमले, आणि सरांच्या पोटात दुखू लागलं. सात वर्षं जपलेली साइट पडावी म्हणून ते स्वतःच चार टॅब उघडून रिफ्रेश दाबत राहिले. बोट उचलायच्या आत पान उघडायचं. शेवटी फोन वाजला. त्यांनी झडप घातली. "बसली का?" "न्हाई, सुसाट पळायलीय," संचालक भगवानराव हसले. "अंगदराव, निकालादिवशी तुमचा फोन पहिल्याच झटक्यात लागला की."