मर्दानी गुलाब

"हात पुढे करा, मामाजी," म्हणत विनयने सासऱ्यांच्या मनगटावर फवारा मारला, आणि मग न विचारता मानेवरही. गाडीच्या काचा बंद होत्या.

"गुलाब आहे, पण मर्दानी. आत लवंग, दालचिनी, मिरी. उबदार वास आहे."

बाहेर आदिलाबादचा मे महिना चालू होता, त्यामुळे उबेची टंचाई तशी कुणालाच नव्हती. नागोरावांना आधी लग्नातलं गुलाबपाणी आठवलं, मग मटणाचा मसाला, आणि मग दोन्ही एकदमच घशात उतरली. डोळ्यांत पाणी आलं.

"लय भारी, जावईबापू," ते म्हणाले.

नात्यातलं लग्न आटोपून तिघे निघाले होते. बोथच्या फाट्यावर नागोरावांना उतरवून विनय आणि मागे बसलेली भाग्यश्री पुढे हैदराबादला जाणार होते. फाटा यायच्या आत नागोरावांना लेकीला आठ दिवसांसाठी माहेरी मागून घ्यायचं होतं. लग्न झाल्यापासून ती एकदाही मुक्कामाला आली नव्हती. पण त्यांच्यात जावयाकडे कुठलीही गोष्ट एकदाच मागायची पद्धत. दुसऱ्यांदा मागितली की जावयाचा मान जातो, आणि तो परत आणायला सासऱ्याला हैदराबाद गाठावं लागतं. म्हणून आदिलाबादपासून ते नुसती स्तुती करत होते. गाडीची केली. रस्त्याचीही केली, रस्ता सरकारचा असूनही. आता वासाची झाली.

फाट्याच्या अलीकडचं इचोडा गाव दिसू लागलं तसा त्यांनी घसा साफ केला.

"जावईबापू, म्हनलं, भाग्यश्रीले आठ दिवस राहू देता का? तिची माय लय आठवण काढून राह्यली."

"मी कुठे अडवतो?" विनय हसून म्हणाला. "फक्त काय होतं मामाजी, दिवाळीत ती तुमच्याकडे एक वेळ जेवून आली, तर आठवडाभर केसांना लसणाचा वास. मला झोप नाही. आता आमच्याकडे हा एकच वास. गाडीत, पडद्यांना, उशीला. फोडणी बंद केली, उदबत्ती बंद केली. आणि चांगलाच आहे ना? तुम्हीच म्हणालात."

"म्हनलो खरा," नागोराव म्हणाले.

"मग झालं तर. पुढच्या वर्षी बघू."

मागणं संपलं होतं. नागोरावांनी मागे वळून पाहिलं. भाग्यश्री खिडकीबाहेर बघत होती.

विनयने एका ढाब्यापुढे गाडी लावली. थंड पाणी आणायला उतरला आणि सवयीने गाडी बाहेरून लॉक केली. एसी थांबला. गुलाबाला आता कुठे खरी ऊब आली. नागोरावांनी काचेचं बटण दाबून पाहिलं. काच हलली नाही. त्यांनी दार उघडायला हात घातला.

"ओढू नका, बाबा," मागून भाग्यश्री म्हणाली. "आतून उघडलं की भोंगा वाजते. मंग ते चिडतात."

"तुले कसं ठाऊक?"

तिने नजर ढाब्याकडे वळवली. काचेपलीकडे विनय पाणी पुरेसं थंड नाही म्हणून ढाबेवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होता. घाई दिसत नव्हती. नागोरावांनी हात दारावरून परत मांडीवर आणला. खिशातला रुमाल काढून नाकाला लावला, तर मनगट रुमालाच्या आधी नाकाशी पोचलं.

"पोरी," ते तोंडानं श्वास घेत म्हणाले, "एवढ्याशा वाटंत माहा जीव घाबरा झाला. तू हा वास रोज कसा सोसतं वं?"

भाग्यश्रीने नाक वर केलं. हवेत हुंगून पाहिलं, मग ओढणीला, मग पुन्हा हवेत. काही समजेना तशी तिने बापाकडे पाहिलं.

"कोनता वास, बाबा?"