डुकरांचा अल्बम

आर्णीकडच्या आमच्या वावरात त्या साली कपाशी अळीनं खाल्ली. उरल्या तुरीवर रानडुकरं टपली होती. लोक डुकरं पळवायला भोंग्यावर वाघाची डरकाळी लावतात. मी नागपूरच्या होस्टेलातून आणलेली हेवी रॉकची कॅसेट लावली. गाणारा असा खर्जात गुरगुरायचा, की वाघानंही वाट बदलावी.

डुकरं आली. पळाली मात्र नाहीत. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ओळीनं बसली, माना खाली घालून, मयतीला आल्यासारखी. तुरीच्या एकाही शेंगेला तोंड लावलं नाही.

"थे रडून राह्यले काय रे?" आईनं विचारलं. तिचेही डोळे भरले होते. "मले शब्द नाही समजत, अश्वजित. पण ह्या बापड्याचं कोणीतरी मेलं, येवढं समजते."

मग रोज संध्याकाळी तेच. डुकरं वेळेवर यायची आणि आई त्यांच्याही आधी मचाणावर जाऊन बसायची. कॅसेट माझी, पण मला कोणी विचारेना.

एकदा ऐन गाण्यात लाइन गेली. भोंगा मुका झाला. आता तूर गेलीच, म्हणून मी काठी उचलली.

पण गाणं चालूच होतं. तुटलं तिथूनच पुढे, त्याच खर्जात.

मी धुऱ्यावर टॉर्च मारला. डुकरांची तोंडं मिटलेली होती. सगळी माना वर करून माझ्या मागे, मचाणाकडे बघत होती.

"आई, तू गाऊन राह्यली काय वं?" मी न वळताच विचारलं.

"गप राह्य न," माझ्या शेजारी उभ्या आईनं हातातली काठी काढून घेतली. "गाऊ दे त्याले."