मानेवरचं काळं

आण्णाप्पा पोतदारानं ठुशी कसोटीच्या दगडावर घासली, तसं दुकानातलं भांडण गप झालं. एका अंगाला राजाबाईचा बाप यमनाप्पा, दुसऱ्या अंगाला तिची सासू यशोदाबाई, आणि मध्ये मान खाली घालून राजाबाई. ठुशी बसायची तिथं मानेवर काळा पट्टा, मखमलीसारखा जाडसर. रोज वीट घेऊन घासायची ती. रक्त यायचं, काळं काही जायचं नाही.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बापानं सोनं म्हणून पितळ घातलं, त्यानंच सुनेची मान काळी पडली, असा डांगोरा यशोदाबाईनं निपाणीभर पिटला होता. पितळ निघालं तर सून आजच्या आज माघारी. ते ऐकून यमनाप्पा बेळगावच्या शहापुरातला आपला माग बंद ठेवून मोटारीनं धावत आला होता. माघारी म्हणजे काय, ते राजाबाईला कुणी सांगायला नको. बापाची बहीण बायाक्का अशीच नवऱ्यानं टाकलेली. भावाच्या घरी मागाच्या कांड्या भरता भरता केस पिकले तिचे, तरी शेंबडी पोरंसुद्धा येता-जाता तिला बोलायची.

दगडावरच्या पिवळ्या रेघेवर पोतदारानं तेजाबाचा थेंब सोडला. रेघ होती तशीच राहिली.

"सोनं चोख हाय."

"ऐकलंसा, विहीणबाई?" यमनाप्पा ताडकन उठला. "चोख! माग चालवून खातो आम्ही, पण खोटं देत न्हाय!"

राजाबाईला इतकं हायसं वाटलं, की रडूच फुटलं. तिनं पुन्हा पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि घटाघटा रिकामा केला. सकाळपासून तिची तहान भागतच नव्हती. पोतदार तिच्या मानेकडं बघत राहिला. भला माणूस बिचारा. आणि भल्या माणसाला गप बसवत नाही, घोटाळा होतो तो तिथंच.

"पोरी, सारखी तहान लागती व्हय? रातचं लई येळा उठावं लागतं?"

तिनं मान हलवली.

"यमनाप्पा, माझ्या धाकल्या भणीच्या मानंवर अस्संच काळं आलतं. आम्ही मळ म्हणून घासत बसलो. मधुमेह निघाला तो, गोड लघवीचा रोग. कळलं तवा लई उशीर झालता. आता त्याच्यावर विलायती सुया निघाल्यात म्हणं. बेळगावच्या दवाखान्यात दावा हिला. आजच घिऊन जावा."

झालं! हरलेल्या यशोदाबाईच्या हाती आयतंच कोलीत आलं.

"रोग? म्हंजे रोगट पोरगी आमच्या गळ्यात मारलीसा! जावा की मग घिऊन. कायमचीच जावा!"

यमनाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. चोख सोन्याचा तोरा कुठल्या कुठं गेला. तो पोतदारावरच उखडला. "कसला रोग? आमच्या घराण्यात कुणाला साधा खोकला न्हाय! सोनं बघाय सांगितलं तुम्हास्नी, पोरगी न्हवं. मळ हाय त्यो, मळ!"

आणि धोतराचा सोगा पाण्यात भिजवून तो लेकीची मान घासू लागला. भर पेठेत, रस्त्यावरची माणसं थांबून बघत असताना.

पोतदारानं त्याचा हात धरला. "अहो, सोलताय की पोरीला! तिलाच इचारा."

सगळे तिच्याकडं बघू लागले. राजाबाईनं एकदा पोतदाराकडं पाहिलं. हा माणूस खरं बोलतोय, हे तिला आतून पटलं होतं. अंगातलं बळ कसं आटत चाललंय, ते तिच्याशिवाय कोण जाणणार? पायाला झालेली साधी जखम दिवाळीपासून भरत नव्हती. पण डोळ्यांपुढं बायाक्का उभी राहिली.

"मळच हाय त्यो, आत्याबाई," ती सासूकडं वळून म्हणाली. "मी आळशी हाय. मानंला हातच लावत न्हाय."

यमनाप्पाच्या जिवात जीव आला. विहिणीपुढं हात जोडून तो म्हणाला, "आता घाशील हो ती. न्हाई घासली, तर हाणा. मी काय म्हणणार न्हाई."