दंडावरचा वळ

"अगं बाई, हे काय!"

दिनकररावांच्या सदऱ्याची बाही वर सरकली आणि वसुंधराकाकू किंचाळल्या. लुळ्या हाताच्या दंडावर काळानिळा वळ होता.

"पडलो," दिनकरराव पलंगावरून म्हणाले. "मोरीत."

काकूंचा जीव भांड्यात पडला. खंडेराव मार्केटातून आणलेल्या चिकूंची पिशवी त्यांनी उशाशी ठेवली. विश्वंभरकाकांनी खाली ठेवलेला चहा पुन्हा उचलला.

निरुपमा दाराला टेकून उभी होती. आई गेल्याला बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तिनं कॉलेज सोडलं आणि वाडीतल्या या दोन खोल्यांत त्यांचं सगळं एकटीच्या अंगावर घेतलं. रेल्वेत उभा जन्म हाताखालच्या माणसांवर ओरडण्यात गेलेला माणूस आता तिच्यावर ओरडायचा. वरण पातळ झालं की ताटली भिंतीवर. चादर बदलायला उशीर झाला की मेलेल्या आईचा उद्धार. येणारेजाणारे तिचं कौतुक करून जात, राहत कुणी नसे. तिची झोप उडाली होती. भाजी चिरता चिरता मधूनच रडू फुटे. परवा त्यांनी गोळी तिच्या तोंडावर थुंकली आणि तिच्या हातातलं लाटणं त्यांच्या दंडावर बसलं. ते कळवळले. तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यालाच ती तेव्हापासून घाबरली होती.

"ते पडले नाहीत," ती म्हणाली. "मी मारलं."

काकांनी कप तोंडाशीच धरला. मग ते हसले. "काहीतरीच! दमलीयस तू, बेटा."

"अख्ख्या वाडीत तुझ्यासारखी लेक नाही," काकू म्हणाल्या.

"काका, मी परत मारीन. मला माझीच भीती वाटते. थोडे दिवस त्यांना छाणीला तुमच्या घरी न्या. मला कुणा डॉक्टरला दाखवायचंय."

काकांचं हसू गेलं. "आमचं घर वरच्या मजल्यावर. दादाला जिना कसा चढवायचा? आणि डॉक्टरला काय सांगणार, डोकं फिरलंय म्हणून? उद्या लग्न कसं जमेल तुझं?"

"त्यांना काही झालं तर?"

"नाटकं पुरे!" काका ओरडले. "बापाचं करायचा कंटाळा आलाय, तर सरळ तसं म्हण. म्हणे मारलं! चल, वसुंधरा."

काकूंनी पर्स उचलली. काका चपला शोधू लागले.

"विश्वंभर." दिनकररावांचे शब्द वाकड्या तोंडातून अडखळत आले. "मारते ती मला."

"दादा, आत्ता तर तू म्हणालास..."

"खोटं बोललो. मला आज इथून ने."

"अरे, पण जिना..."

दिनकररावांनी मान खिडकीकडे वळवली आणि होता नव्हता तो आवाज काढून समोरच्या गुजराती शेजारणीला बोलावलं. "कौशल्याबेन! ओ कौशल्याबेन! अहियाँ आवो!"

समोरच्या घराचं दार उघडलं. "शुं थयुं, दिनकरभाई?"

"आता तिला सगळं सांगतो," दिनकरराव म्हणाले. "आणि हेही सांगतो, की सख्ख्या भावानं मला मार खायला इथंच ठेवलं."

काकांचा चेहरा उतरला. खिडकीशी जाऊन ते घाईघाईनं म्हणाले, "कंई नथी, बेन. दादाला आमच्याकडे नेतोय." मग ते रिक्षा आणायला गेले. जाताना निरुपमाकडे त्यांनी बघितलंही नाही.

ती बॅग भरू लागली. गोळ्या तिनं तळाशी टाकल्या.

"गोळ्या वर ठेव, गाढवे," दिनकरराव खेकसले. "एवढंही कळत नाही?"

तिनं गोळ्या वर ठेवल्या. "बाबा, परवा..."

"गप. तुला घेऊन नाही जात मी. तू उद्या डॉक्टरकडे जा."

तिचं बोलणं ऐकून घेणारं त्या खोलीत एकच माणूस निघालं होतं, आणि तिचा हात उठला होता तो नेमका त्याच्यावर.