मातीचं कासव

भावाबहिणीने मिळून एक प्रोग्रॅमिंगची भाषा रचली होती, पण ती चालवणारं इंजिन मात्र ज्याचं त्याचं. दर रविवारी आपापल्या एकसारख्या लॅपटॉपवर दोघांच्या इंजिनांची वेगाची शर्यत लागायची आणि मातीचं कासव हरणाऱ्याच्या पदरात पडायचं. आजवर ते धाकटीकडेच मुक्काम ठोकून होतं. आज ती जिंकली! दादाने कासव उचलून आपल्यापुढे ठेवलं. "मानलं बुवा तुला! आता माझं इंजिन मोडीत. यापुढे आपली भाषा वापरणाऱ्या सगळ्यांना तुझंच देऊया." धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. आईला सांगायचं म्हणून फोन घ्यायला ती टेबलाखालच्या प्लगपाशी वाकली आणि बाजूला पडलेली पिन तिला दिसली. शर्यतीआधी फोनसाठी तिनेच दादाच्या लॅपटॉपचा चार्जर काढला होता. बॅटरीवर मशीन रडतखडतच चालतं. "दादा," ती खालूनच पुटपुटली, "कासव मलाच दे." "छट्! तू जिंकायची किती वाट पाहिलीय मी!" धाकटीने चार्जर गुपचूप परत लावला.