वर्दळीचा थर

उपग्रहचित्राचा थर बंद करून हुमाने समोच्चरेषांचा थर चालू केला. पडद्यावरची झाडी गेली आणि तपकिरी रेषा उमटल्या. रेषा विरळ तिथे चढ सौम्य, दाट तिथे दम काढणारा. झऱ्याच्या वाटेवर त्या छान विरळ होत्या.

"मग झऱ्याचीच वाट ठरली," शारिक म्हणाला.

"अजून एक थर बाकी आहे."

"आपा, तू बिर्याणीलाही इतके थर लावत नाहीस."

चौक गावात जुन्या हायवेवर शारिकचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दर जानेवारीत तो ऐंशी जणांची सहल काढायचा. पायथ्यापर्यंत सायकल आणि तिथून वरच्या वाडीपर्यंत पायी. मार्ग मात्र त्याची थोरली बहीण आखायची. हुमा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती.

दुकानाच्या पायरीवर गौराबाई बसली होती. ती त्याच वाडीतली. वालाच्या शेंगा विकून झाल्या होत्या, तरी ती थांबली होती. गेल्या वर्षी तिच्याच अंगणात चहा पिताना हुमाने वाडीतल्या बायकांना फोनवर हा नकाशा थराथराने उलगडून दाखवला होता.

"झऱ्यावरनं नको आनू गं मानसं," गौराबाई म्हणाली. "आमाला प्यायला तेवढंच पानी हाय. गेल्या साली तुज्या मानसांनी त्यात डबं धुतलं. दोन दिस साबनाचा वास. लेकरांची पोटं बिघडली."

"मी सगळ्यांना बजावीन, पाण्यात हात घालायचा नाही."

"गेल्या साली बी बजावलं व्हतंस."

शारिक खाली मान घालून चेनला तेल देऊ लागला.

हुमाला झाल्या प्रकाराचं वाईट वाटलं होतं. पण सावली, चढ, अंतर, सगळं झऱ्याच्या बाजूने होतं. दुसरी वाट डोंगराच्या सोंडेवरून चढायची. ती पाऊण किलोमीटरने जास्त लांब आणि उन्हाची. ऐंशी जणांत बारा जण साठीच्या पुढचे होते. मोजमाप बाजूला ठेवून कुणाच्या सांगण्यावरून वाट ठरवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"गौराबाई, मी कुणाच्याच बाजूने नाही. नकाशा म्हणेल ते."

"मंग इचार तुज्या नकाशाला." गौराबाईचा आवाज चढला नाही.

हुमाने शेवटचा थर चालू केला. वर्दळीचा. चालणं फोनमध्ये नोंदवत जे लोक जातात, त्यांच्या खुणा एकावर एक साचत जाऊन लाल रेघ तयार होते. जितक्या फेऱ्या, तितकी रेघ गडद. पावसात वाटा मोडतात, म्हणून तिने फक्त पावसाळ्यानंतरच्या नोंदी निवडल्या.

सोंडेवर पायथ्यापासून वाडीपर्यंत जाडजूड लाल रेघ उमटली. झऱ्याच्या वाटेवर एक ठिपकाही नव्हता.

हुमा खुर्चीत सरळ बसली. "झऱ्याची वाट पावसात खचलीये. लोकांनी सोडलीये ती."

"पण सोंडेवर एवढं कोण जातंय?" शारिकने विचारलं. "माझ्याकडे तर कुणी पंक्चर काढायलाही आलं नाही."

"मुंबईचे ट्रेकर. ते गाडीने येतात." तिने गौराबाईकडे पाहिलं. "काय गं, वाट खचलीये ना?"

"नकाशा काय म्हंतो?"

"खचली म्हणतो."

"मंग मी अडानी बाई आनखी काय सांगू." गौराबाईने रिकामी पाटी उचलली आणि ती निघाली.

सहलीच्या आदल्या दिवशी हुमा सोंडेवरून स्वतः चढून गेली. केवळ पडद्यावर विसंबून ती कुणाला डोंगरावर नेत नसे. नकाशा खरा निघाला. गवत झोपलेलं, माती पायांनी गुळगुळीत झालेली. एका अवघड वळणावर कुणीतरी दगड रचून पायऱ्याही केल्या होत्या. सातला चढायला लागलं तर ऊन चढायच्या आत साठीचे बाराही जण आरामात वर पोचले असते. तिने वहीत वेळा टिपल्या. झऱ्याकडे जाऊन बघायचं आता कारण उरलं नव्हतं.

वाडीत गौराबाईने चहा दिला.

"उद्या आम्ही सोंडेवरून येतोय," हुमा म्हणाली. "पण तुझ्या सांगण्यावरून नाही हं. तसं केलं तर उद्या दुसरं कुणी दुसरं काही सांगेल. पुराव्यावरून ठरवलं."

"बराबर हाय. पुरावा पायजेच."

हुमाला बरं वाटलं. कुणावर उपकार न करता, कुणाचं मन न मोडता, निव्वळ मोजमापाने गोष्ट मार्गी लागली होती. निरोप घेऊन ती कुडाच्या भिंतीमागच्या दगडावर बुटाची नाडी बांधायला टेकली. आत गौराबाई सुनेला हाक मारत होती.

"आवडे, समद्या बायांना सांगून ये गं. उद्या ही मानसं येऊन गेली का फोनातलं ते चालनं मोजायचं बंद करा, आन् बाजाराला झऱ्याच्याच वाटंनं उतरा. तीन म्हैने ती सोंड चढून चढून गुडघं गेलं माजं."